चक्कीच्या भिंतीवर जातं

आई,

काल इथे वर्ध्यात पुन्हा तोच प्रकार होता. कुठलासा कला महोत्सव, आणि त्यात गावातल्या मोठ्या इमारतींवर अंधार पडला की रंगीत प्रकाशाची चित्रं सोडणार, सगळ्यांसाठी फुकट. शेजारीण बोलवायला आली. "चला ना काकू, फुकट आहे." मी म्हटलं, फुकट काही नसतं बाप्पा, कोणाच्या तरी मीटरवर चालतं ते. ती हसली, तिला वाटलं मी गंमत करते. ती गेली आणि मी चहा ठेवला, तो उतू जाऊन गॅस विझला तरी मला पत्ता नाही. इतका राग, आणि इतक्या वर्षांनी! तू असतीस तर म्हणाली असतीस, "काऊन डोकं तापवून राह्यली, भाकरी टाक." तू नाहीस, म्हणून लिहायला बसले.

आपली देवळीची चक्की मला आजही डोळे मिटून दिसते. बाजाराच्या मैदानाकडे पाठ करून उभी असलेली ती उंच भिंत, तिला एक खिडकी नाही, आणि तिच्यावर निळ्या अक्षरांत तुझं नाव. बाबांचं नाही, तुझं. नावाखाली 'गहू, ज्वारी, डाळ, तिखट दळून मिळेल'. त्या वर्षांत लाइनचा, म्हणजे विजेचा, काही नेम नव्हता. दुपारी यायची, नाहीतर जेवणाच्या वेळी जायची. मोटर सुरू झाल्याचा आवाज आला की आसपासच्या बाया चुलीवरचं उतरवून डबे घेऊन पळत सुटायच्या. तू मधे उभी. पापण्यांवरसुद्धा पीठ. कोणाचा डबा कोणता हे तुला विचारावं लागत नसे, आणि कोणी मधे घुसली तर तू अशी बघायचीस की ती आपोआप मागे सरायची. मी तेव्हा लग्न होऊन इथे वर्ध्यात आले होते, पण सुट्टी मिळाली की बसने देवळीला, आणि स्टँडवर उतरले की आधी चक्की, मग घर.

ही चक्की तू कशी मिळवलीस ते मला रोहण्याच्या मावशीने सांगितलं, तू कधीच बोलली नाहीस. एकत्र घर, खाणारी तोंडं ढीगभर, आणि पहाटे उठून जात्यावर बसायचं ते तू, कारण तू धाकटी सून. उजवा खांदा तेव्हापासूनच धरलेला, मरेपर्यंत सुटला नाही. वाटणीची वेळ आली तेव्हा बाबांच्या वाट्याचं शेत विकून चक्की घ्या, असा हट्ट तूच धरलास. आजोबा भडकले, शेत विकून कोणी चक्की घेते काय म्हणून. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि तू सासऱ्याला म्हणालीस, "मले जात्यापासून सुटका पायजे, मामाजी." बस, एवढंच. आणि शेत विकून चक्की आली. जातं मात्र तू टाकलं नाहीस. मागच्या अंगणात पोतं झाकून ठेवलं होतंस, पोरीच्या हळदीला लागेल म्हणून. माझी हळद त्याच्यावरच दळली. त्यानंतर पुन्हा पोतं.

आणि त्याच जात्यावर त्यांनी तुला नेऊन बसवलं!

दिवाळीचे दिवस होते, मी आलेली होते. अशाच एका कला महोत्सवाच्या समितीचे एक सर आले, सोबत फोटोग्राफर. समिती वर्ध्याची, पण त्या वर्षी म्हणे देवळीलाही कला न्यायची होती. शाळेच्या इमारतीवर, कापसाच्या गोदामावर आणि आपल्या चक्कीच्या भिंतीवर चित्रं दाखवणार होते. जिल्ह्याचं जीवन दाखवायचं आहे, कष्टकरी बायांचे फोटो हवे आहेत, असं सर म्हणाले. तू काय खूश झालीस! आत जाऊन हिरवं लुगडं नेसून आलीस. ओल्या फडक्याने चक्की पुसलीस, पट्टा पुसलास, वरचा दाणे ओतायचा पत्रा घासून लखलखीत केलास, आणि त्याच्यावर हात ठेवून ताठ उभी राहिलीस. "असा काढ, बाबू. माहं अन् चक्कीचं दोघीचं तोंड दिसलं पायजे." फोटोग्राफरने काढला. मी तिथेच उभी होते, कॅमेऱ्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला आहे. मग चहा झाला, आणि तो मागे हात धुवायला गेला तर तिथूनच ओरडला, "अरे वा, जातं!"

तू नको म्हणालीस. दोनदा म्हणालीस. पण त्याने चहा घेतला होता, घरी आलेलं माणूस, सर हात जोडून उभे, "काकू, एकच, जुनी आठवण म्हणून." तू बसलीस. पदर डोक्यावर घ्या, मान खाली घाला, हात खुंट्यावर, आता जरा हसा. त्याला जे जे पाहिजे ते सगळं तू केलंस, फक्त हसली नाहीस. उठताना खांद्यावर हात दाबत तू विचारलंस, "पन चक्कीचा दाखवसान ना?" दोघेही एका तालात म्हणाले, "हो हो काकू, म्हणजे काय!"

पुढे त्यांच्या मागण्या सुरू झाल्या, आणि आपण एकेक देत गेलो. भिंत पांढरी हवी, तिच्यावर चुना मारू, महोत्सव संपला की तुमचं नाव पुन्हा रंगवून देऊ. दिलं. चित्रं सोडायच्या मशीनला लाइन लागेल, तुमच्याच मीटरवरून वायर ओढू. दिली. आणि शेवटची म्हणजे कमाल. त्या संध्याकाळी चक्की बंद ठेवा. चक्की चालली की भिंत हालते, भिंत हालली की चित्र हालेल. ऐकतेस ना? चक्कीच्या भिंतीवर कष्टकरी बाई दाखवायची, आणि त्यासाठी कष्टकरी बाईनेच चक्की बंद करायची. मी तुला म्हटलंही, आई, नाही म्हण. तू म्हणालीस, "एका दिवसाचं काय एवढं. लोकं आपली चक्की पाह्यतीन."

त्या दिवशी नेमकी दुपारभर लाइन नव्हती आणि संध्याकाळी आली. एरवी सणच. दाराशी डब्यांची रांग लागलेली, आणि तू प्रत्येकीला सांगून राहिलीस, "उद्या सकाळी येजो वं. आज माहा चक्कीचा फोटो लागते मोठा." कोणी कुरकुर केली नाही. डबे तिथेच ठेवून बाया मैदानात जाऊन बसल्या. रोहण्याहून मावशी आलेली, मुद्दाम. तू तिला सगळं आधीच सांगून ठेवलं होतंस, कसा हात ठेवला, कसा पत्रा चमकत होता. पुढे पाहुण्यांसाठी खुर्च्या, त्यांच्या मागे ताडपत्रीवर आपण. तू मधे, मावशी आणि मी दोन बाजूंना.

आधी देऊळ आलं, मग फुटलेला कापूस, बैल, नदी. लोक अहाहा करत होते. आणि मग तू. सगळ्या भिंतीभर तू. जात्यावर वाकलेली, पदर डोक्यावर, मान खाली. भोंग्यातून एका माणसाचा जाड आवाज सुरू झाला, कष्टातही आनंदाने गाणारी आमची माय, आणि त्याच्यामागे पेटी आणि कोण्या बाईच्या आवाजात ओव्या. गाणारी! मावशीने मला सांगितलं होतं, तुम्ही दोघी बहिणी माहेरी जात्यावर बसायच्या तेव्हाही ती गायची आणि तू गप्प. तिने एकदा विचारलं तर तू म्हणाली होतीस, "दम लागून राह्यला, गानं कुठून काढू?" त्या तुझ्या बंद तोंडात त्यांनी दुसरीचं गाणं घातलं. टाळ्या पडल्या. मावशी तुझ्याकडे वळली. "अवो, हे तं तूच होय! पन तू तं चक्की म्हनली होती?"

"थांब," तू म्हणालीस, "येते. मागून येते."

मोर आला. सूर्य मावळला. कुंभाराचं चाक, शाळेची पोरं, पुन्हा एक देऊळ. दर चित्राला तू थोडी पुढे सरकायचीस आणि पुन्हा बसायचीस. माझी तुझ्याकडे बघायची हिंमत होईना. शेवटचं म्हणून पुन्हा जात्यावरची तूच आली, वर समितीचं नाव, आणि ते चित्र तसंच ठेवून पाहुण्यांची भाषणं सुरू झाली. तू उठलीस. मशीनजवळ फोटोग्राफर उभा होता, त्याच्याकडे गेलीस. मी मागे. "बाबू, माहा चक्कीचा फोटो?"

तो प्रेमाने बोलला, हेच मला आजही सहन होत नाही. "काकू, तो नाही घेतला. त्यात मशीन आलं ना. हा बघा, हा कसा खरा वाटतो."

खरा! सासरचं आयुष्य ढकलून जी बाई उभी राहिली ती खोटी, आणि त्याने पोतं काढून जिला बसवली ती खरी. मी काहीतरी ओरडणार होते, काय ते आठवत नाही, कारण तेवढ्यात तू तिथे नव्हतीस. आधी मोटरचा आवाज आला. मग पट्ट्याचा. लाइन आपल्याच मीटरची, त्यामुळे चक्कीने ओढ घेतल्याबरोबर भिंतीवरचं चित्र पिवळं पडलं, बारीक झालं, आणि भिंत हालायला लागली तशी जात्यावरची तू थरथरायला लागलीस. भाषण देणाऱ्या पाहुण्यांचं नुसतं तोंड हलत होतं.

सर धावत दारात आले. "काकू, अहो काकू, काय करताय? बंद करा, पाहुणे बोलताहेत!"

तू पहिला डबा ओतत होतीस. वळलीही नाहीस. "लोकायचं दळन पडलं हाय, सर."

"अहो पण एवढा चांगला कार्यक्रम! तुमचाच फोटो आहे ना!"

"माहा नोहे थो. मी हे हाय." आणि पीठ भरलेल्या हाताने तू स्वतःच्या छातीवर थाप मारलीस, हिरव्या लुगड्यावर पांढरा पंजा उमटला. "तिले म्हना, तू दळ. ह्या बाया उपाशी बसल्या."

सर माझ्याकडे बघायला लागले, मी समजावीन म्हणून. मी दुसरा डबा उचलून तुझ्या हातात दिला.

बाया एकेक करून ताडपत्रीवरून उठून आल्या हे खरं, पण सगळं गाव काही तुझ्या बाजूचं नव्हतं. फुकटचं चांगलं पाहून राह्यलो होतो, त्या बाईने मातेरं केलं, असं लोक पुढे कितीतरी दिवस बोलले. घमेंड आली म्हणाले. तो जात्याचा फोटो पेपरात छापून आला, तेव्हा तर लोकांनी तुला दाखवायला आणून दिला. नाव रंगवून देतो म्हणणारे पुन्हा फिरकले नाहीत. तू रंगारी बोलावून नाव पुन्हा लिहून घेतलंस, पहिल्यापेक्षा दुप्पट मोठं, आणि स्वतः मैदानाच्या त्या टोकाला जाऊन उभी राहिलीस, तिथून वाचता येते की नाही ते बघायला.

तू गेलीस तेव्हा तेराव्याला फोटो लागतो म्हणून घर पालथं घातलं. तुझा एकटीचा एकही नाही. लग्नातल्या घोळक्यात अर्धा चेहरा, तोही पदराआड. मग मी लाज सोडून त्या फोटोग्राफरचं दुकान शोधत गेले. चक्कीजवळचा तो एक द्या म्हटलं, काय म्हणाल ते करते. त्याने तुला ओळखलं, हळहळला. म्हणाला, ताई, निवडले तेवढेच ठेवले, बाकीचे त्याच वर्षी फेकले. आणि आतून जात्याचा काढून आणला, चांगला मोठा. "घ्या ताई, तुमच्याकडून काय घ्यायचं. फुकट."

मी घेतला, आई.

तोच माझ्या बैठकीत लावला आहे. त्याला हार मीच घालते. फोटोतलं जातं मी कापून टाकलं, खुंट्यावरचा हातही गेला, आता नुसती छातीपासून वर तू आहेस. पण मान खाली आहे ती आहेच, ती कशी वर करू? आलं-गेलं माणूस विचारतं, आई खाली काय बघताहेत, पोथी वाचताहेत का? मी सांगते, चक्कीत गहू ओतून राह्यली. परवा नातीने विचारलं, तिलाही तेच सांगितलं. तिने खरं मानलं.