नकोशा मेलचा बंदोबस्त

३ नोव्हेंबर, भुईगाव
पोहोचले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता महिनाभर भावाच्या मुलाच्या, अनुजच्या घरी मुक्काम. केळीची वाडी, मागे बावखलाचं तळं, हवा उत्तम. वॉकर घेऊन ओटीवर फिरते. मोबाइल नेमका आजच बिघडला. अनुज दुरुस्तीला घेऊन गेला. लॅपटॉप आहे. सामाईक वाडीत इमारत उठवायला त्याला माझी सही हवी आहे. नाही म्हटलं. रागावला नाही. मला मागेपुढे तोच एक.

५ नोव्हेंबर
मेल उघडला की साड्या, विमा, लॉटरी. सदतीस वर्षं मुलींच्या वह्या तपासल्या, ही घाण तपासणार नाही. अनुज म्हणाला, आत्या, पासवर्ड दे नि तू आपली केळी खा, कचऱ्याचं मी बघतो. शेजारी बसून, चहा पीत त्याने फिल्टर लावले. नको ते सगळं आता परस्पर कचरापेटीत.

१२ नोव्हेंबर
आठवडाभर एकही मेल नाही. मात्र तेजस्वीचाही नाही. माझी जुनी विद्यार्थिनी, दर रविवारी न चुकता लिहिते. अनुज जाताना फाटकाला बाहेरून कुलूप लावतो. कुत्री शिरतात म्हणे.

१८ नोव्हेंबर
कचरापेटी उघडली. साड्या, विमा, आणि माझ्या निधनाबद्दल एकशे चौदा मेल. खाली मूळ निरोप, माझ्याच पत्त्यावरून गेलेला: आत्या ८ तारखेला झोपेतच गेली, अंत्यविधी उरकले, कोणी येऊ नये. अनुज.
फिल्टरची यादी पाहिली. साडी, विमा, लॉटरी. त्याखाली श्रद्धांजली, आत्म्यास, तेजस्वी. पाच तारखेला लावलेले.
चुलत बहीण रुक्मिणी कालच्या दहाव्याबद्दल लिहिते: अनुज, रडू नकोस. इथे आमच्याकडे पान मांडताच कावळा शिवला. तिचं कशातही मन अडकलं नव्हतं.
कावळासुद्धा.

१९ नोव्हेंबर
तेजस्वीला लिहिलं. जिवंत आहे, कोंडलेली आहे, पोलीस पाठव.
उत्तर कचरापेटीतच आलं. गेलेल्या बाईंच्या नावाने फसवताना लाज वाटत नाही का. हा पत्ता स्पॅममध्ये टाकला आहे. अनुजदादांना कळवलं आहे.
पुन्हा लिहिलं — ती उघडणार नाही —

२० नोव्हेंबर, दुपार
नेट बंद.
कुलूप निघालं. एकटाच आहे. ओटीवरून विचारतोय, आत्या, जागी आहेस का. नेहमीसारखंच, मायेने. वॉकर त्याच्या बाजूला —
वही उशीखाली ठेवते. सापडेल त्याने तेजस्वीला सांगावं, बाई आठ तारखेला नव्हे, आज