अकराशे कॅलरींचा डबा

५ फेब्रुवारी

तीन महिने इथं एक अक्षर नाही. माफी मागायची ती कुणाची, कागदाचीच! दिवसभर अहवालाची काटेकोर वाक्यं लिहिली की संध्याकाळी स्वतःशी बोलायचं त्राणच उरत नव्हतं.

अहवाल गेला एकदाचा. सहा वर्षं, गावातल्या एकसष्ट म्हाताऱ्या, त्यांच्या जेवणाच्या वह्या आणि लघवीच्या बाटल्या. निष्कर्ष सोपा. पेशी अन्न जाळतात तेव्हा ठिणग्या उडतात, त्या पेशीलाच पोळतात, आणि पोळल्याच्या खुणा लघवीत उतरतात. ज्या आजी दिवसाला जेमतेम अकराशे कॅलरी खातात, त्यांच्या बाटल्यांत या खुणा सर्वांत कमी. थोडक्यात — कमी खा, सावकाश म्हातारे व्हा. प्रकल्प चालवणारे नाकासोने सर खूश. आरोग्य केंद्र तर इतकं खूश, की अहवालाची वाट न पाहता नव्या वर्षापासूनच या आजींना दिवसाकाठी बरोब्बर अकराशेचे डबे सुरू, तिन्ही वेळचं जेवण त्यातच! एप्रिलपासून आणखी नऊ गावांत.

मी खूश आहे का? विचारू नये.

८ फेब्रुवारी

नाबे आजी महिन्यात दोन किलो उतरल्या. एक्केचाळीसच्या एकोणचाळीस. केंद्रातल्या नर्स ताकायेसूबाई म्हणतात, "त्र्याण्णव वय आहे, चालायचंच." अहो, पण पूर्वीही एवढंच तर खात होत्या! वहीत रोजचं लिहिलंय. तोच आकडा डब्यात. मग दोन किलो गेले कुठं?

"आजी, भूक लागते का?"

"लागते की! या वयात भूक लागते म्हणजे कौतुकच माझं." आणि खुदुखुदु हसल्या. ही बाई मला वेड लावणार.

१३ फेब्रुवारी

आणखी दोघींचं वजन कमी. सर म्हणाले, "योगायोग." तिघींचा?

१८ फेब्रुवारी

रविवार, डबा नसतो. न कळवता नाबे आजींकडे जाऊन बसले. स्वतः रांधलं होतं — कारलं-टोफू, डुकराच्या मांसाचे दोन जाड तुकडे, भात. ताटं दोन. एक पितरांच्या देव्हाऱ्यात, चाळीस वर्षांपूर्वी होडीसकट बुडालेल्या नवऱ्यापुढं. दुसरं स्वतःचं. स्वतःचं संपवलं, वहीत नीट मांडलं. मग उठल्या, हात जोडले, "झालं का हो तुमचं?" म्हणाल्या, वरचं ताट खाली काढलं — आणि तेही जेवल्या!

"आजी, हे वहीत?"

"हे कशाला? हे त्यांचं."

"पण पोटात तुमच्या गेलं ना!"

"गेलं. वाढलं होतं त्यांना. शिकलेली ना तू, हिसायो? मेलेल्या माणसाचं जेवण माझ्या नावावर मांडू?"

"दहातले आठ भाग पोट भरलं की थांबायचं, असं तुम्हीच सांगता सगळ्यांना."

"थांबतेच की! माझ्या ताटावर आठ होतात. वरचे दोन नवरा भरतो. जिवंतपणी नाही केलं, आता करू दे थोडं."

मी हसलेसुद्धा. परतताना लक्षात आलं, केंद्राचा डबा एकच येतो.

२० फेब्रुवारी

सात घरं फिरले. पाच घरांत हेच, रोज. आकडे पुन्हा मांडले. अकराशेचे सोळाशे झाले. कमी खाणाऱ्या आणि बाकीच्या यांत फरकच उरला नाही! बाटल्यांतल्या खुणा कमी आहेत, हे खरं. कशामुळं — ठाऊक नाही. सहा वर्षांनी हे वाक्य लिहायचं!

सरांना फोन केला. "चिनेनबाई, म्हाताऱ्या माणसांकडून लिहायचं राहूनच जातं काहीतरी. एक तळटीप घाला."

"आणि डबे?"

"एप्रिल तर होऊ द्या. आत्ता काही बोलू नका."

मी "बरं" म्हणाले. का म्हणाले? मग सगळा राग आजींवर काढला, मनातल्या मनात. एकसष्ट बायका, आणि एकीनंही सांगू नये? बाटली वेळेवर द्यायला विसरत नाहीत, हे बरं विसरल्या!

२१ फेब्रुवारी

नाबे आजी साडेअडतीस. मी फणकारलेच, "सहा वर्षांत एकदा तरी बोलायचं होतं!" त्यांनी वहीचं पहिलं पान उघडून माझ्यापुढं धरलं. "हा तुझाच नमुना ना, पोरी? अगदी असंच लिहा म्हणालीस. तसंच लिहिलं."

माझंच अक्षर. आईकडं राहत होते तेव्हाचा एक दिवस, तिन्ही वेळचं जेवण, ग्रॅमसकट. देव्हाऱ्यातलं बाबांचं ताट तेव्हा रोज मीच संपवायची. पानावर ते नाही.

उद्या: डबे निघायच्या आधी, आठच्या आत केंद्रात जाऊन अकराशेचे डबे थांबवणे.