रांगेतल्या चपला

मंगळवार, २ डिसेंबर

खुळ्ळ, खुळ्ळ, खुळ्ळ — स्टोव्हवरच्या पातेल्यात काचेच्या सिरिंजा उकळतात तो आवाज! पासष्ट वर्षं झाली. आज दवाखान्याच्या बाकावर टेकलो आणि कानात तोच. आम्हा पोरांचं अर्धं दुखणं त्या आवाजानंच पळायचं. सुया तयार होईपर्यंत बापूसाहेब डॉक्टर हात पुसत बाहेर यायचे, चिंचेखाली बसलेल्या सगळ्यांकडे एकदा नीट बघायचे. मग बोट. "तू आधी ये." नंबर नाही, चिठ्ठी नाही. कोणी कुरकुरत नसे.

आता सिरिंज कागदातून निघते. आवाजच नाही.

असो, कामाचं लिहितो. डॉक्टर तृप्तीबाईंनी बोलावलं होतं. आमच्या सरकारी दवाखान्याची तपासणी आहे. जिल्ह्याहून माणसं येणार, गुण देणार. नव्वदच्या वर गेलो तर ईसीजीचं मशीन मिळेल म्हणाल्या. "काका, तुम्ही दवाखान्याच्या समितीवर आहात. आणि खाणीवर टाइमकीपर होता ना? आठ दिवस नुसतं बसा. पेशंट कधी आला, कधी आत गेला, तेवढं लिहा." बाईंच्या डोळ्यांखाली काळं आलंय. एकट्याच आहेत. दुसऱ्या डॉक्टरची खुर्ची दोन वर्षं रिकामी.

चौतीस वर्षं माणसांचं आत-बाहेर लिहिलं मी. यात काय अवघड!

बुधवार, ३ डिसेंबर

पहाटेच जाऊन बघितलं. अंगणात माणूस एक नाही, चपलांची रांग मात्र दारापासून हापशीपर्यंत. गावाची रीतच आहे — एक जोड रांगेत ठेवायचा, दुसरा घालून घरी जायचं, चहा-आंघोळ उरकायची, नऊनंतर आपला नंबर यायच्या सुमाराला येऊन आपल्या चपलेपाशी उभं राहायचं. शकुंतलेच्या बीपीच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला मीही हेच करतो. चाळीस जोड झाले की शिपाई घनश्याम दारात आडवा. "खतम! उद्या या."

वेळ मोजायला मनगटावर घड्याळ आहे. पण माझी जुनी खोड — मी वेळ कवितेत मोजतो. चौथीच्या पुस्तकातली ओढ्याची कविता, गुरुजींनी छडीच्या ठेक्यावर शिकवलेल्या चालीत, सगळी कडवी — बरोबर दोन मिनिटं. शेडपासून खाणीच्या तोंडापर्यंत ती तीनदा व्हायची. आज कोणालाही दहा ओढ्यांहून जास्त थांबावं लागलं नाही. सरासरी सतरा मिनिटं! नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातसुद्धा एवढ्यात होत नाही.

गुरुवार, ४ डिसेंबर

सरासरी सोळा. पाठ धरली.

शुक्रवार, ५ डिसेंबर

नाकाडोंगरीकडची गाडी साडेदहाला येते. आज तिच्यातून सातजण उतरून आले. घनश्यामचं "खतम!" ऐकून सहाजण मागे फिरले. एक बाई पायरीवरच बसली. पन्नाशीची असेल. तोंडाला पदर, श्वास असा की मला बाकावर ऐकू यावा. पाय सुजलेले. चपलेच्या निळ्या पट्ट्याचा वळ पायात खोल उतरलेला.

"काय होते बाई?"

"जीव घाबरते जी. दोन पायऱ्या चढली का थांबा लागते."

"आज उशीर झाला तुला."

"परवा पन आलती. काल पन. गाडीच यावेळी येते, मी का करू?"

परवा! काल! तीन दिवस ती पायरीवर, तीन दिवस मी दहा हातांवर, आणि मला ती दिसलीच नाही. दिसणार कशी? माझ्या कागदावर रकाने दोनच — कधी आला, कधी आत गेला.

घनश्यामला म्हटलं, सोड रे हिला आत. तर हात जोडतो. "भय्याजी, एकीले सोडलं का बाकीचे मले सोडतीन का?"

तीनच्या गाडीनं गेली.

सोमवार, ८ डिसेंबर

शनिवारी-रविवारी चैन नव्हतं. आज साडेदहाला आली, आणि पुन्हा "खतम!" मग मला एकदम सुचलं.

म्हटलं, "बाई, तुझी चप्पल माझ्याजवळ दे. उद्या पहाटे मी रांगेत ठेवतो. तू तुझ्या गाडीनं ये, नंबर तयार!"

आधी तिला पटेना. मग हसली. "अन मी का घालू?"

"गाडीच आहे ना?"

"हो जी. जाईन तशीच. सवय हाय." पायातून काढली, धूळ झटकून माझ्या हातात दिली. उजवीचा पट्टा तारेनं बांधलेला.

डांबरी रस्त्यावरून ती अनवाणी गेली तेव्हा ऊन कोवळं होतं, बाभळीच्या सावल्या तिच्या पायांवरून सरकत होत्या. मला शाळेतलं काहीतरी आठवलं. ओळ सापडेना, चाल मात्र सापडली. आज फार बरं वाटतंय.

मंगळवार, ९ डिसेंबर

निळी चप्पल सहाव्या नंबरावर. आली नाही.

बुधवार, १० डिसेंबर

आज चौथ्या नंबरावर ठेवली. गाडी आली, ती आली नाही. घनश्याम चप्पल उचलून ओरडला, "हे कोनाची हो? भय्याजीची लाडकी कोठी गेली?" अख्खं अंगण हसलं. शेजारच्या भावनानं घरी येऊन शकुंतलेला सांगितलंही. शकुंतला भाकरी थापता थापता म्हणाली, "या वयात दुसरीच्या चपला घेऊन हिंडा आता. माह्या तुटल्या त्या दिसत नाहीत!"

हसलो. पण भाकरी अर्धीच खाल्ली.

गुरुवार, ११ डिसेंबर

फॉर्म पुरा झाला. तीनशे वीस पेशंट, सरासरी सतरा मिनिटं. डॉक्टरबाईंनी दोनदा वाचला. इतकं मोकळं हसताना त्यांना पहिल्यांदा पाहिलं. "काका, मशीन आलंच समजा!"

मी सही केली. टाइमकीपरची सही — सरळ, ठळक, खाली दोन रेघा.

निळी चप्पल आज दुसऱ्या नंबरावर होती.

शुक्रवार, १२ डिसेंबर

सही करून आलो तेव्हापासून घरात पाय टिकत नाही. अंगणात जातो, परत येतो. कविता म्हणायला घेतली, तिसऱ्या कडव्यात अडकली! पासष्ट वर्षांत पहिल्यांदा.

माणसं थोडा वेळ थांबतात कारण थांबायचं काम चपला करतात. आणि ज्याची चप्पल पहाटे इथं पोचूच शकत नाही, तो माझ्या कागदावर आलाच नाही. सतरा मिनिटं खोटं नाही. पण खरंही नाही. खाणीवर कोणी दारातून परत गेला तर त्याची नोंद लाल शाईनं व्हायची. इथं मी लाल पेन घरीच विसरलो.

घनश्यामजवळ बसून आठवून आठवून मोजलं. आठ दिवसांत परत गेलेले — एकोणसाठ.

दुपारी आकडा घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी कागद दोनदा वाचला. "मला वाटायचं, रोज चाळीसच येतात." खरंच आहे. नऊला क्वार्टरमधून दवाखान्याच्या मागच्या दारानं आत, दोनला त्याच दारानं बाहेर. अंगण त्यांनी साडेदहाला कधी बघितलंच नाही.

मग निळ्या चपलेवालीचं सांगितलं. श्वासाचं, पायांचं. बाईंचा चेहराच उतरला. "पाय सुजलेत, दम लागतोय — काका, अशा पेशंटनं एक दिवससुद्धा थांबायचं नसतं! कुठली आहे? नाव काय? गाडी पाठवते."

नाव! चौतीस वर्षं बिल्ल्याचा नंबर विचारला, नाव कोणाचं विचारलं नाही. हिचंही नाही. गावही नाही.

"आली की थेट आत आणा," त्या म्हणाल्या. "रांग नाही." फॉर्म त्यांनी खणात टाकला. पाठवणार की नाही, कळलं नाही. 

शनिवार, १३ डिसेंबर

आज साडेदहाला डॉक्टरबाई बाहेर पायरीवर आल्या. सगळ्यांकडे एकदा बघितलं. एका म्हाताऱ्याला आणि एका लेकुरवाळीला चपला ओलांडून आत नेलं. गावचे चिडले. "आमी पाचपासून का उगाच ठेवतो?" बाई म्हणाल्या, "चप्पल आजारी आहे का?"

माझ्या कानात खुळ्ळ, खुळ्ळ.

पण ती आली नाही. रांग नाही, दार उघडं, आणि तीच नाही!

रविवार, १४ डिसेंबर

ओसरीत बसून निळ्या चपलेचा पट्टा शिवत होतो. तार टोचत असेल तिला. शकुंतला कपडे वाळत घालत होती. थांबली.

"ऐका न. हे जंगलाकडची न? मंग फाट्यापासून तिचं गाव आत असंन."

"असेल."

"धान कापलेत. पायवाटेनं सारे धसकटं. सुजल्या पायानं ते अनवाणी फाट्यावर येईन का?" मग हळूच, "तिच्याजवळ दुसरी चप्पल हाय तरी का? 'का घालू' म्हनली न ते!"



तिच्या येण्याची जागा धरायची म्हणून मी तिचं येणंच काढून घेतलं. आणि वरून म्हणे कोवळं ऊन, सावल्या, कविता!

सोमवार, १५ डिसेंबर

साडेदहाची गाडी परत फिरली त्यात बसलो. मांडीवर चप्पल. कंडक्टर इश्वर म्हणाला, "नाव सांगा जी, पोचवून देतो. बिननावाची चप्पल कोनाले देऊ?" पाय सुजलेली म्हटल्यावर त्याला आठवलं. "हो हो, ते फाट्यावर चढते. आठ दिवस झाले, दिसली नाही."

फाट्यावर उतरलो. तीन वाटा फुटतात. तिन्हींवर कोणी नाही, नुसती धान कापलेली बांधी आणि बगळे. एका वाटेनं गेलो, नाला लागला, परत. दुसरीनं गेलो, गुडघा बोलायला लागला, परत. वहाणा घातलेल्या माझ्या पायांत दोन धसकटं घुसली. तिसरी वाट राहिली ती राहिलीच.

परतीच्या गाडीत इश्वरनं खणखणीत आवाजात सगळ्यांना सांगितलं, "ऐका हो! दवाखान्याच्या गावात एक बुढा हाय, भय्याजी. हापशीजवळ घर. ज्याची चप्पल त्याच्याजवळ हाय त्यानं घेऊन जावं. तो पहाटे लोकायच्या चपला रांगेत ठेवते!" गाडीत कुजबुज झाली. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

रात्री शकुंतलेनं पायातले काटे काढले.  

मंगळवार, १६ डिसेंबर

पहाटे साडेपाचला दार वाजलं. दूधगाडी थांबून निघून गेली. दारात ती! पायात नवऱ्याचे काळे रबरी बूट, भिंतीला हात टेकून श्वास घेत होती. आधी नाव विचारलं. फुलवंता. इश्वरची हाक रात्रीच फाट्याकडच्या गावांत पोचली होती. मागे तिचा नवरा नत्थू, अनवाणी, खांद्यावर धानाचं पोतं.

शकुंतलेनं तिला बसतं केलं. मी डॉक्टरबाईंच्या क्वार्टरकडे निघालो, तर नत्थूनं पोतं माझ्या पायांशी रिकामं केलं. चपला! मी तीनदा मोजल्या. एकोणीस जोड. प्रत्येकाला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली — नाव, गाव.

"इतके लोक?" मी म्हटलं. "कुठं आहेत?"

"साडेदहाच्या गाडीनं येऊन राहिले जी," नत्थू म्हणाला. "अनवाणी."