टिकलीला भिडलेले जंतू

३ फेब्रुवारी

सौ. ताईस, सा. न. वि. वि.

तुझ्या बाळंतपणाला मी येणार हे ठरलेलंच होतं. आता येऊ की नको, ते तूच सांग.

आमच्या प्रयोगशाळेत सध्या धडधाकट माणसांच्या शौचाची तपासणी चालू आहे. तुलनेला म्हणून आम्ही आपापला नमुनाही लावतो. जंतू वाढवलेल्या बशीत औषधाची कागदी टिकली ठेवली की भोवतीचे जंतू मरतात, स्वच्छ गोल पडतो. माझ्या बशीत गोलच नाही. जंतू थेट टिकलीला भिडलेले! बशीवरचं नाव पुन्हा पुन्हा वाचलं; माझंच. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, नमुन्यांसाठी वस्त्या पालथ्या घातल्या आणि इथे दिव्याखाली अंधार. सगळे हसले. मला जमलं नाही.

मला त्रास काही नाही, ते आतड्यात गपगुमान राहतात. पण हातावाटे दुसऱ्याकडे जाऊन रक्तात शिरले, तर नेहमीची औषधं चालत नाहीत. तुझ्या बाळाची पोटातली वाढ आधीच कमी. त्याला मी कुठल्या हातांनी घेऊ?

दाजींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अ. उ. आ.

लहानपणी शिंक आली तरी माफी मागायचीस, आता आतड्यांचीही मागायला लागलीस! हे म्हणतात, मेहुणीला दारातच उकळून घेऊ.

खूप हसले आणि मग झोपच लागेना. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्यांनी माझीही तपासणी करवली. माझ्यातही तसलेच निघाले. तू तर गेल्या वर्षापासून इकडे फिरकलेली नाहीस, म्हणजे तुझ्याकडून नाहीत. आमच्या गल्लीत तपासायला बसलं तर कितीतरी जणांत निघतील, असं त्या म्हणाल्या.

आता सांग, मी बाळापासून कुठे पळू? त्याची पहिली गाठ माझ्याशीच. आधी कळलं ते बरं, बाळाला ताप आलाच तर चुकीच्या औषधात वेळ जाणार नाही, असं त्या समजावतात. इथे सगळे मला धीर देतात गं. माझ्याबरोबर घाबरणारं कुणी नाही. ये.

लोभ साबणाने निघत नाही, तो राहू दे.

ताई

१६ फेब्रुवारी

सौ. ताईस, सा. न. वि. वि.

परवा निघते. तुमच्या स्वयंपाकात हात घालणार नाही, बाळाला हात धुतल्याशिवाय शिवणार नाही, दाजींनाही शिवू देणार नाही. दारात मला मिठी मारू नकोस, असं लिहिलं होतं, ते खोडलं. मिठी मार. मी हात मागे धरून उभी राहीन.

आहे तशी आपली म्हणून घे.

धाकटी