कोट न काढणारी

शुक्रवार संध्याकाळ, बेलव्ह्यू

आज पुन्हा तोच सिनेमा लावला. सत्तरच्या दशकातला, कृष्णवर्णीय कलाकारांचा, मारधाडीचा. नवरा टुकार म्हणतो. म्हणू दे. काय ती हिरॉइन! डोक्यावर केसांचा हा मोठा गोल, अंगात लांब लेदरचा कोट. गुंडांच्या बॉसच्या ऑफिसात शिरते. तो म्हणतो, कोट काढ, बस. ती कोट काढत नाही. बसतही नाही.

तसलाच कोट मी जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणलाय. सिनेमा बघताना घालून बसते.

तेवढ्यात मॅनेजरचा व्हिडिओ कॉल. आईच्या ऑपरेशनसाठी पुण्याला जायला घेतलेली रजा कॅन्सल कर म्हणाला, आपल्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. लेक शेजारून पुटपुटली, "आई, जस्ट से नो!" तिचं काय जातंय, ती इथे जन्मली, इथली नागरिक. माझी नोकरी गेली की व्हिसा गेला. "शुअर, नो प्रॉब्लेम," म्हणाले मी. वर हसले.

पण मघापासून डोक्यात घोळतंय ते वेगळंच. कॉल घेण्याआधी मी घाईघाईने कोट काढून सोफ्यामागे टाकला. का? मला तर कोणी काढ म्हटलंही नव्हतं.