पहिल्या मिनिटाचे दीडशे टन

३ फेब्रुवारी, सोमवार

आकडा तिसऱ्यांदा काढला — तोच!

पुन्हा पहिल्यापासून लिहून काढते, चूक असेल तर सापडेल. आग लागली की तिन्ही टाक्यांतला गॅस एका पाइपातून फ्लेअरवर, त्या उंच चिमणीवर, नेऊन जाळायचा. टाकी उघडली की पंधरा मिनिटांत तिचं प्रेशर सत्तरवरून सातवर. मला डिझाइन शिकवणाऱ्या मास्तरांनी बारा वर्षांपूर्वी पाइप बेतला तो सरासरीवर — ताशी साठ टन. पाइपला नव्वद झेपतात. म्हणजे झालं, असं सगळे समजत आले. मीसुद्धा.

पण गॅस काय सरासरीने बाहेर पडतो? सायकलच्या ट्यूबची पिन काढली की पहिला फुस्स केवढा, आणि शेवटी नुसता उसासा. पहिल्या मिनिटाला ताशी दीडशेच्या वेगाने येतो. दीडशे! पाइप तडकेल. आणि पाइपाच्या बरोबर खाली ऑपरेटरांची केबिन. माझा दादा तिथेच ड्यूटीवर असतो.

त्यात तिन्ही व्हॉल्व्ह गेल्या वर्षी एका बटणावर मीच आणले. आकडे तपासले नाहीत. मास्तरांचे आकडे कोण तपासतं?

४ फेब्रुवारी

साहेबांना सांगून बटणाला कुलूप घातलं. ते शांतपणे म्हणाले, "चूक कोणाची ते सोमवारपर्यंत लेखी द्या."

दादा रजेवर आहे, वहिनीच्या माहेरी. बरंच आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी मास्तरांकडे गेले. रिटायर झाल्यापासून खूप वाळलेत. नोकरीच्या पहिल्या दिवशी माझी खुर्ची आपल्या टेबलाशी ओढून घेतलेला हा माणूस. कागद पुढे करताना मलाच कानकोंडं झालं.

त्यांनी एकेक आकडा बोट ठेवून तपासला. काकू चहा ठेवून गेल्या, तो निवला. मग म्हणाले, "अगं, तिन्ही एकदम उघडायचेच नव्हते. एक उघडायचा, पाच मिनिटं थांबायचं, मग दुसरा. मग तिसरा."

"पण हे लिहिलंय कुठे?"

"लिहायचं कशाला? ऑपरेटरांना तोंडपाठ होतं. दादाला विचार की तुझ्या."

घरी येऊन चप्पलही न काढता गणित मांडलं. पाच-पाच मिनिटांच्या अंतराने उघडले तर जास्तीत जास्त चौऱ्याऐंशी. नव्वदच्या आत! जीव भांड्यात पडला, आणि लगेच तोंड काळं झाल्यासारखं वाटलं. मास्तर बरोबर होते. त्यांची रीत मोडली ती मी, माझ्या बटणाने. आणि मी शहाणी त्यांनाच जाब विचारायला गेले होते.

७ फेब्रुवारी

बटण बसवताना एका तरी ऑपरेटरला विचारलं होतं का? नाही. एकालाही नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

पत्र दिलं. मूळ गणितात दोष नाही, चूक सर्वस्वी माझी. साहेबांनी दोनदा वाचलं. उद्यापासून डिझाइनचं काम बंद, रेकॉर्डरूममध्ये बसायचं. अकरा वर्षांची नोकरी! पण मास्तरांच्या नावाला डाग लागला नाही, एवढं तरी झालं. त्यांना फोन करून सांगितलं. "सुखी राहा," म्हणाले, आणि पटकन फोन ठेवला. त्यांनाही वाईट वाटलं असणार.

११ फेब्रुवारी

दादाला घरी गाठलं. म्हटलं, एकेक उघडायची तुमची रीत मी मोडली रे.

तो म्हणाला, "कसली रीत? आगीच्या सरावात मास्तर दर वेळी एकच सांगायचे — तिन्ही एकदम ओढा. आणि गुरुवारी रात्री त्यांचा मला फोन. बहिणीने विचारलं तर एकेक उघडायचो म्हणून सांग, म्हणे. तुमचं चाललंय तरी काय?"