आईंना माहेरी नेते

अहो,

भात झाकून ठेवलाय, कालवण चुलीवर आहे. तुमच्या आईंना घेऊन मी माझ्या माहेरी, टोकावड्याला चालले. शोधत फिरू नका.

एवढंच लिहिणार होते. पण का चालले ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून सगळंच लिहिते.

आज भाजी लवकर संपली, म्हणून धसईच्या बाजारातून दुपारीच परतले. दाराला बाहेरून कडी. आत आई खांबाला बांधलेल्या. वासराच्या दाव्यानं, पायाला! मी गाठ सोडली, तर त्यांनी दुसरा पाय पुढे केला. म्हणाल्या, "आता याला बांध गो, तो लय दुखतो. मोकली दिसले तर भगीरथ वरडल."

म्हणजे मी बाजाराला गेले की तुमचं हे रोजचंच. घोट्यावरचा वळ मी पाहिला होता. "चप्पल लागली," म्हणाल्या आणि मी हळद लावून गप्प बसले. चप्पल त्या घालतात कधी?

लावणीची घाई आहे, आई ओढ्याकडे निघून जातात, तुम्हाला भीती वाटते, सगळं कळतं मला. पण तुम्ही मला सांगायला हवं होतं. मी बाजार सोडला असता. शेजारच्या भिमीआत्या त्यांच्याजवळ बसल्या असत्या. माणूस बांधतात का हो?

आधी मुरबाडला डॉक्टरांना पाय दाखवते. कसं झालं विचारलं, तर खोटं बोलणार नाही.

न्यायला आलात तर मी अडवणार नाही. पण आई "नाय" म्हणाल्या, तर त्यांचं ऐकायचं आणि एकट्यानं परत जायचं.

अंजू